माईंच्या नावानं चार किलोमीटर

मैत्रिणींनो, देणगी मागायला कुणी दारात आलं की आपण काय करतो? डब्यातून पन्नासाची नोट काढतो, पावती घेतो, ती पावती कुठल्याशा वहीत जाऊन पडते आणि विषय संपतो. गणपतीची वर्गणी असो, देवळाचा जीर्णोद्धार असो की पूरग्रस्तांसाठी लुगडी-चादरी, देण्याच्या बाबतीत आपण बायका काही मागे नाही. पण कुणी जर म्हटलं, "पैसे तर द्याच, शिवाय चार किलोमीटर चाला," तर? चालण्याचा आणि पैशाचा संबंध काय, असंच तुम्ही विचाराल. मीही माझ्या लेकीला अगदी हेच विचारलं होतं.

२०२३ साली तिच्या बाळंतपणासाठी मी कॅनडात होते. टोरँटोपासून तासाभराच्या अंतरावरचं छोटंसं गाव. सप्टेंबरची १७ तारीख, रविवार. दोन दिवसांवर गणपती आलेले, मी मोदकांसाठी तांदळाची पिठी कुठं मिळेल या विवंचनेत, आणि ही सकाळी सकाळी दोन महिन्यांच्या बाळाला टोपडं घालून, ढकलगाडीत ठेवून म्हणते, "आई, बूट घाल. टेरी फॉक्स रनला जायचंय."

मला वाटलं शर्यत आहे. नऊवारी नेसणाऱ्या घरातल्या बाईनं शर्यतीत काय करायचं? पण तिथं जाऊन बघते तो काय, घड्याळ नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. कुणी पळत होतं, कुणी सायकलवर, एक आजोबा चाकाच्या खुर्चीत, शाळेतली पोरं, कुत्री, ढकलगाड्या. एका टेबलावर पैशाची पेटी. ज्याला जे द्यायचं ते द्यावं. बरेचजण आधी महिनाभर शेजारीपाजारी, ऑफिसात सांगून ठेवतात, "मी चालणार आहे, माझ्या नावावर काही द्याल का?" आणि ते गोळा करून आणतात. हा चालण्याचा आणि पैशाचा संबंध! नुसतं "पैसे द्या" म्हणणाऱ्याला माणूस टाळतो. पण ओळखीची बाई उन्हातान्हात पाय दुखवून घेणार म्हटल्यावर हात आखडत नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीला भाकरी देताना आपण कुठं हिशेब करतो?

पेटीशेजारी चिकटवायचे कागद ठेवले होते. वर इंग्रजीत छापलेलं, 'मी यांच्यासाठी धावतो आहे', आणि खाली मोकळी जागा. लोक तिथं नाव लिहीत आणि छातीवर चिकटवत. बाबा. मार्गारेट आजी. एका सात-आठ वर्षांच्या मुलानं लिहिलं होतं, 'माझी टीचर'. लेकीनं माझ्या हातात पेन दिलं नि म्हणाली, "आई, तू कुणाचं लिहितेस?"

मी मराठीत लिहिलं, 'माई'.

माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. १९७९ साली लग्न होऊन मी सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी आले, तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. सासूबाई कडक. माझी फाटलेली भाकरी माई गुपचूप आपल्या ताटात घ्यायच्या आणि आपली गोल भाकरी माझ्या नावावर परातीत ठेवायच्या. जावाजावांचं पटत नाही असं म्हणतात. आमचंही रोज पटायचं असं नाही, विळीवरून आणि न्हाणीघराच्या पाळीवरून आम्ही चांगल्या भांडलोही आहोत. पण माझी दोन्ही बाळंतपणं माईंनी काढली.

१९९१ मध्ये माई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. पाळी जाऊन वर्ष झालेलं आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. सांगायचं कुणाला? धुतलेली फडकी त्या परकराखाली वाळत घालायच्या. कंबर दुखते म्हणून डिंकाचे लाडू झाले, शेकून झालं. "या वयात असं होतंच," हे वाक्य तर आपल्या प्रत्येकीच्या तोंडी. सात-आठ महिने असे गेले. मुंबईला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, आणि बराच पुढं गेलेला. शेक दिले, केस पिकले, वजन अर्ध्यावर आलं. १९९३ च्या मार्चमध्ये माई गेल्या.

दोन वर्षं घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. 'ते दुखणं' म्हणायचं, किंवा नुसतं 'मुंबईचं'. शेजारी 'पोटाचा विकार' सांगितला होता. आणि वर्तमानपत्रात आलं, 'अल्पशा आजाराने निधन'. दोन वर्षांचा अल्पसा आजार!

तर असा तो 'माई' शब्द छातीवर लावून मी चालत होते. शेजारून चालणाऱ्या एका गोऱ्या बाईनं विचारलं, ही कुठली लिपी, हे कुणाचं नाव. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी तिला सगळं सांगितलं. कुठल्या अवयवाचा, किती दिवस लपवला, कसं झालं. तीस वर्षांत घरच्या माणसांजवळ बोलले नव्हते ते एका परक्या बाईजवळ, नदीकाठानं चालता चालता. तिनं आपल्या कागदावर बोट ठेवलं. तिथं तिच्या नवऱ्याचं नाव होतं.

आता हा टेरी फॉक्स कोण ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे फार जणींना ठाऊक नसेल. कॅनडाच्या पश्चिम टोकाला पोर्ट कोक्विटलम नावाच्या गावात वाढलेला हा मुलगा. बास्केटबॉलचं वेड. १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, उजव्या गुडघ्याला हाडाचा कॅन्सर निघाला आणि पाय मांडीतून कापावा लागला. पुढं सोळा महिने औषधोपचार चालले. त्या काळात दवाखान्यात त्यानं आपल्याहून लहान मुलांना तळमळताना पाहिलं. आपण बरं होऊन इथून निघून जायचं आणि हे सगळं विसरायचं, हे त्याच्या मनाला पटेना. त्यानं ठरवलं, कॅनडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत पार करायचा आणि संशोधनासाठी पैसे जमवायचे. आईला, बेटी फॉक्सना, सांगितलं तेव्हा त्यांना ते वेडच वाटलं. कुठल्या आईला वाटणार नाही? वडिलांनी म्हणे एवढंच विचारलं, केव्हा निघणार?

१२ एप्रिल १९८० रोजी त्यानं पूर्वेकडच्या सेंट जॉन्स बंदरात आपला खोटा पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि निघाला. रोज साधारण ४२ किलोमीटर. एका चांगल्या पायावर दोन उड्या, मग खोट्या पायाचं एक पाऊल. मित्र गाडी चालवायचा, पुढं सतरा वर्षांचा धाकटा भाऊही येऊन मिळाला. पहिल्यापहिल्यांदा कुणी फारसं विचारीत नव्हतं. मग पोर्ट ओ बास्क नावाच्या दहा हजार वस्तीच्या गावानं त्याला दहा हजार डॉलर दिले. माणशी एक डॉलर! तिथून त्याच्या मनानं घेतलं, साऱ्या देशानंच माणशी एक डॉलर द्यावा. कंपन्या जाहिरातीसाठी मागं लागल्या, पण त्यानं कुणाचं नाव अंगावर चढवू दिलं नाही.

१४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर पळाला. सोलापूर ते मुंबई साधारण चारशे धरा, म्हणजे तेरा वेळा. १ सप्टेंबर १९८० ला थंडर बे गावाजवळ खोकल्यानं आणि छातीतल्या कळांनी त्याला थांबवलं. कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. फेब्रुवारी १९८१ मध्ये निधी २ कोटी ४१ लाख डॉलरांवर गेला, देशाच्या लोकसंख्येइतका. हे त्याला कळलं. जून १९८१ मध्ये तो गेला, तेवीस वर्षं पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता.

तो थांबला तेव्हा इस्पितळात त्याला एक तार आली होती. फोर सीझन्स हॉटेलांचे मालक इसाडोर शार्प यांची. त्यांचा स्वतःचा तरुण मुलगा १९७८ मध्ये कॅन्सरनं गेला होता. टेरीच्या नावानं दर वर्षी लोक धावतील, हे वचन त्या तारेत होतं. सप्टेंबर १९८१ मधल्या पहिल्याच धावेत तीन लाख माणसं उतरली. पुढं तीस वर्षं बेटी फॉक्स शाळाशाळांतून बोलत हिंडल्या. ज्या आईला ते वेड वाटलं होतं, तिनंच ते २०११ मध्ये स्वतः जाईपर्यंत सांभाळलं. आजवर त्या निधीत ८५ कोटी डॉलरांहून जास्त रक्कम जमली आहे, आणि अजूनही कुठल्या कंपनीचं नाव त्या धावेला लागत नाही.

तुम्ही म्हणाल, संशोधन, संशोधन म्हणजे काय हो? काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट? त्यापेक्षा गरीब रोग्याला औषधाला पैसे द्यावेत. मलाही ते जवळचं वाटतं आणि तेही द्यावेतच. पण टेरीला डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती: दोनच वर्षांपूर्वी हा रोग झाला असता तर वाचण्याची आशा शंभरात पंधरा, आता पन्नास. ही मधली पस्तीस माणसं कुणी वाचवली? कुणीतरी आधी दिलेल्या पैशांनी.

आणि हे काही परदेशातच घडतं असं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर एक अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून तयार केलं. त्यांनी काय करायचं, तर दर दोन वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावून मिनिटभर थांबायचं आणि बघायचं. बिघडू लागलेला भाग पांढरा दिसतो. बस्स! ना महागडं यंत्र, ना प्रयोगशाळा. (स्वयंपाकघरातली बाटली घेऊन घरी काही करायला जाऊ नका हं, हे शिकलेल्या माणसाचंच काम आहे.) २०१३ मध्ये निष्कर्ष आला. तपासणी झालेल्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. बिघाडाचा कॅन्सर व्हायला बरीच वर्षं जातात. म्हणजे माईंच्या बाबतीत कितीतरी वर्षं अशी होती, की एका मिनिटात दिसलं असतं.

परत आल्यावर मी भिशीत विषय काढला. आमच्या भिशीत बावीस जणी. म्हटलं, ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन असतो, २०२४ मध्ये तो रविवारी येतोय. वेशीपासून तळ्यापर्यंत आणि परत, चार किलोमीटर. बायका लगेच तयार झाल्या. (निम्म्या वजन उतरेल म्हणून, पण चालायचंच. आणि एक सांगून ठेवते, चालणं चांगलंच, पण चालून कॅन्सर बरा होतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.) अडचण आली ती घरातच.

"माईंच्या स्मरणार्थ" असं पत्रकात लिहिणार म्हटल्यावर थोरले भावजी ताडकन म्हणाले, "तिचं नाव घालायचं नाही." भावजी ब्याऐंशी वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. पुतण्याची बायको हळूच म्हणाली, "काकू, आमच्या मुलीचं बघायला सुरुवात केलीय. घराण्यात कॅन्सर म्हटलं की स्थळं येतील का?" खोटं कशाला बोलू, तिचं म्हणणं मला कळत होतं. मुलीची आई आहे ती.

तेवढ्यात ती मुलगीच बोलली, माईंची नात, पंचविशीतली. "आजोबा, आजी कशानं गेली हे मला कुणी आजपर्यंत सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी घरात कुणाला काय होतं विचारलं, तर मी काय सांगायचं? अल्पसा आजार?"

भावजी उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई चहाला आल्या. त्यांनी कुणालाही उपदेश न करता सहज सांगितलं, की हा कॅन्सर आईकडून मुलीला रक्तातून येणारा म्हणून ओळखला जात नाही. बहुतेक वेळा तो एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं रेंगाळल्यामुळं होतो, आणि त्यावर मुलींसाठी आता लसही आहे. भावजी पेपर पुढं धरून बसले होते. पान काही उलटलं नाही.

चार दिवसांनी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "पावतीपुस्तक कोण सांभाळणार आहे? तुम्हा बायकांना बेरजा येतात का?" मी म्हटलं, "नाही बाई, मुळीच येत नाहीत." बँकेत बत्तीस वर्षं नोकरी केलेली मैत्रीण भिशीत होती, पण मी गप्प बसले.

गावातल्या एका सराफांनी टोप्या आणि कमान देऊ केली, त्यावर दुकानाचं नाव. नको म्हटलं. टीशर्टही छापले नाहीत. संशोधनाला द्यायचे पैसे कापडावर कशाला घालवायचे? जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापले, त्यावर लिहिलं, 'मी चालते आहे ___ साठी', आणि एक डबाभर सेफ्टी पिना. पोलीस चौकीत अर्ज दिला. दोन पोलीस आले. त्यातल्या एकानं स्वतःच कार्ड मागून घेतलं.

एकूण त्रेसष्ट माणसं आली, त्यांत अकरा पुरुष. कार्डांवर काय काय नावं होती म्हणून सांगू! आई. मावशी. थोरली. 'आमचे सर'. एकीनं काही लिहिलंच नाही, कोरं कार्ड लावून चालली. आणि आमच्याच गल्लीतली, दर मंगळवारी देवीला भेटणारी एक बाई पिनेपाशी घुटमळत होती. मी वाकून पाहिलं तर तिनं लिहिलं होतं, 'मी स्वतः'. आठ वर्षांपूर्वी तिचं स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. मैत्रिणींनो, भिंतीला भिंत लागून आमची घरं, आठ वर्षं, आणि गल्लीत एकीलाही ठाऊक नव्हतं! त्या दिवशी तळ्यापर्यंत तिच्याभोवती दहा-बारा जणींचा घोळका. ती बोलत होती, बाकीच्या विचारत होत्या, कुठं कळलं, कसं कळलं, हाताला सूज येते का, पदर कसा घेतेस.

भावजी वेशीपाशी खुर्ची टाकून बसले होते. एका भाजीवालीनं दहा रुपयांची चिल्लर दिली, तिलाही त्यांनी सहीनिशी पावती फाडून दिली. दुपारी बेरीज झाली ४१,३५० रुपये. तीनदा मोजली. पैसे टाटा मेमोरियलला संशोधनासाठी पाठवायचे ठरले होते. सोबतचं पत्र मी लिहायला घेतलं, तर त्यांनी कागद ओढून घेतला आणि 'यांच्या स्मरणार्थ' पुढं माईंचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट, आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. खाली कंसात रोगाचं नाव. मग चष्मा पुसत बसले.

२०२५ च्या फेब्रुवारीत दुसऱ्यांदा चाललो. त्या वेळी सरबत पुरलं, पहिल्या वर्षी निम्म्या जणींना नुसतं पाणी मिळालं होतं. आणि चालून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दवाखान्यात तिशीच्या पुढच्या बायकांची तपासणी ठेवली, ती व्हिनेगरचीच. बायका तळ्यापर्यंत हसत चालतात, पण दवाखान्याची पायरी चढताना एकेकीला काम आठवतं. तरी सत्तावीस जणी आल्या. दोघींना पुढच्या तपासणीसाठी सोलापूरला पाठवलं. एकीचं काही निघालं नाही. दुसरी गेलीच नाही. ज्वारीची काढणी झाली की जाते म्हणाली. काढणी झाली, मग पुतणीचं लग्न निघालं. दुखत तर काही नाही, म्हणते.

तिच्या घरी मी दर आठ-दहा दिवसांनी जाते. विरजण मागायला, चाळण द्यायला, काही ना काही निमित्त काढून. आता तीही ओळखते. मला बघितलं की हसते आणि चहा टाकते. डॉक्टरीणबाईंनी सोलापूरची मंगळवारची वेळ घेऊन ठेवली आहे, सकाळी साडेसातची एसटी आहे, माझी पिशवी भरलेली आहे. भावजींनी विचारलं, तिकिटाला पैसे हवेत का? म्हटलं, पासष्ट वर्षांच्या पुढं माझं अर्धं तिकीट, आणि बायकांना तर एसटीत तसंही अर्धंच आहे. तेवढं कारण तरी तिच्यापाशी उरलेलं नाही.